घरचे खाऊन चित्रे काढणारी

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी चित्रकार मेरी कसॅट, तिची चित्रे दाखवून झाली की श्रोत्यांमधून हमखास एक प्रश्न येतो: बापाकडे पैसा होता म्हणूनच तिला पॅरिसमध्ये राहून चित्रे काढणे परवडले ना?

प्रश्न रास्त आहे. १८४४ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या मेरीचे वडील शेअर दलाल होते आणि भाऊ अलेक्झांडर पुढे पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गाचा अध्यक्ष झाला. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत १८९७ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता, तेव्हा मेरी तिथल्या जेरोम या चित्रकाराकडे खासगी शिकवणीला जाऊ शकली, तीही घरच्या ऐपतीमुळेच.

मात्र वडिलांचा हिशेब चोख होता. १८७७ मध्ये आईवडील आणि थोरली बहीण लिडिया कायमची पॅरिसला राहायला आली, तेव्हा घरखर्च वडिलांचा, पण स्टुडिओचे भाडे, रंग आणि मॉडेलची मजुरी मेरीने चित्रे विकून भागवायची, असे ठरले. त्याच वर्षी देगा या फ्रेंच चित्रकाराने तिला इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या चित्रकारांच्या, गटात बोलावले. थोडक्यात, पोटाची चिंता नव्हती, पण कॅनव्हासची होती. त्यात लिडियाला मूत्रपिंडाचा विकार जडला आणि शुश्रूषेत मेरीचे कामाचे दिवस जाऊ लागले. १८८२ मध्ये लिडिया गेली, त्यानंतर बरेच दिवस मेरीने ब्रश हाती धरला नाही.

पैशाबरोबर दिवाणखानाही आला, हे आपण विसरतो. देगा आणि चित्रकार माने कॅफेत बसून माणसे न्याहाळत. चांगल्या घरच्या अविवाहित बाईला तिथे एकटीने बसण्याची सोय नव्हती. मग तिने जे समोर होते तेच रंगवले. १८८० च्या सुमाराचे ‘चहा’ हे चित्र पाहा: पट्ट्यापट्ट्यांचा भिंतीचा कागद, सोफ्यावर दोन बायका, एक हनुवटीला हात लावून बसलेली, दुसरी टोपी आणि हातमोजे घातलेली पाहुणी, नेमकी चहा पिते आहे, त्यामुळे तिचा अर्धा चेहरा कपाने झाकला गेला आहे. पाहुणीचा चेहरा असा झाकण्याचे धाडस भल्याभल्यांना झाले नसते. पुढ्यात मात्र चांदीचा चहाचा सरंजाम या बायकांपेक्षा ठसठशीत रंगवलेला आहे. तो कसॅट घराण्याचाच, फिलाडेल्फियात घडवलेला होता, आणि आज बोस्टनच्या संग्रहालयात चित्राबरोबर ती भांडीही आहेत.