जाड थराखालची भोके

हिवाळ्याआधी घराच्या तपासणीला बोलावणारे बहुतेक लोक मला छपराच्या कडेखाली उभे करून वर बोट दाखवतात, कारण बर्फाचा बांध त्यांनी तिथे पाहिलेला असतो. मी मात्र पोटमाळ्याचे झाकण कुठे आहे ते विचारतो. या घरी मालकीणबाईंनी आधी कागद समोर ठेवले. वर्षभरापूर्वी त्यांनी पोटमाळ्यावरचे इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा तंतूंचा थर, दुप्पट करून घेतले होते, पन्हळी बदलल्या होत्या आणि पोटमाळ्यात दमट हवा बाहेर फेकणारा विजेचा पंखाही बसवला होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात वळचणीला पूर्वीपेक्षा जाड बर्फ धरला आणि बैठकीच्या भिंतीतून पाणी उतरले. आता त्यांना छपराच्या साऱ्या कडेने तापणाऱ्या विजेच्या तारा लावून हव्या होत्या.

बांध बनतो तो घरातल्या उबेमुळे. ती छतातून वर निसटते, छपराच्या फळ्या शून्य अंशाच्या वर जातात आणि त्यांवरचा बर्फ तळातून वितळू लागतो. पाणी उतारावरून खाली येते. वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने तिच्याखाली ऊब नसते आणि तिथे पोचताच ते गोठते. असे होत होत कडेला बर्फाची भिंत उभी राहते व तिच्यामागे पाणी तुंबते. शिंगल्स, म्हणजे छपरावर एकमेकींवर चढवलेल्या पातळ चकत्या, वाहते पाणी पुढे सारण्यासाठी असतात, साचलेले पाणी अडवण्यासाठी नव्हे. वर साचलेला बर्फ स्वतःच उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे थर जितका जाड तितक्या फळ्या उबदार राहतात, हे लोकांना सांगूनही पटत नाही.

पोटमाळ्यावर गेल्यावर मी पहिल्यांदा पाहतो ते काळे डाग. इन्सुलेशनमधून हवा वर्षानुवर्षे गाळली गेली की तिच्यातली धूळ तंतूंत अडकते, आणि जिथे थर काळवंडलेला तिथे खाली भोक असणार, हे कोणतेही यंत्र न लावता सांगता येते. नवा पांढरा थर बाजूला सारल्यावर खालचा जुना थर जागोजागी काळा निघाला: नळांच्या उभ्या पाइपांभोवती, धुराड्याभोवती, आतल्या भिंतींच्या माथ्यावर. स्वयंपाकघरातल्या कपाटांवरची खोटी छत तर वरून पूर्ण उघडी होती. मूळ बांधणाऱ्याने तिला झाकण घातलेच नव्हते आणि नंतरच्या माणसाने त्या पोकळीवर नुसते इन्सुलेशन पसरले होते. वाऱ्यात नुसता लोकरी स्वेटर घालून उभे राहावे, तसा हा प्रकार होता.

पण मला खरा धक्का बसला तो ही कामे एकमेकांत कशी गुंतली होती ते पाहून. न्हाणीघराच्या एक्झॉस्टचा पाइप पोटमाळ्यातच सोडलेला होता, त्यामुळे तिथली हवा दमट व्हायची. ती दमट झाली की नवा पंखा आपोआप सुरू व्हायचा. त्याला हवा वळचणीखालच्या जाळ्यांतून मिळायला हवी, पण इन्सुलेशन भरणाऱ्याने तिथे हवेची वाट राखणारे बॅफल न बसवता थर थेट कडेपर्यंत दाबला होता. मग पंखा हवा ओढणार कुठून? छतातल्या त्याच भोकांतून, म्हणजे घरातली तापवलेली हवा. प्रत्येक कारागिराने पैसे घेतलेले काम पूर्ण केले होते आणि त्या सगळ्यांनी मिळून छपराखाली भट्टी पेटवली होती.

भोके बुजवण्याच्या कामाचा मला अभिमान आहे, म्हणून थोडे लांबवतो. धुराड्याभोवतीची फट फोमने भरलेली दिसली की माझे डोके फिरते. तिथे पत्रा आणि आगरोधक सीलंटच हवा. खोटी छत कडक फोमच्या पाट्यांनी झाकून कडा सील केल्या, पोटमाळ्याच्या झाकणाला रबरी पट्टी लावली, न्हाणीघराचा पाइप छपरातून बाहेर काढला, बॅफल बसवले आणि मगच इन्सुलेशन परत पसरले. नंतर ब्लोअर डोअरने, म्हणजे दारात बसवलेल्या मोठ्या पंख्याने, आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवून धूर सोडणाऱ्या नळीने उरलेल्या फटी शोधल्या. शेवटी घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करून गॅसच्या गीझरचा धूर धुराड्यातूनच वर जातो ना, हे पाहिले. घर घट्ट झाल्यावर तो धूर उलटा खोलीत येऊ शकतो, आणि ही चाचणी न करता निघून जाणाऱ्यांना मी या धंद्यातले मानत नाही. पोटमाळ्यातल्या पंख्याची वायर काढली, तेव्हा तो नवा असल्याने बाईंना फार जड गेले.

तारा लावण्याला माझा विरोध ठाम होता. त्या वितळवतात तो कडेचा बर्फ, वरची उबेची गळती तशीच राहते, आणि वीज हिवाळाभर जळते. पण मागच्या वाढीव खोलीला पोटमाळाच नाही; तिरपी छत थेट वाशांना ठोकलेली, आणि तिच्या पन्हळीत दोन उतारांचे पाणी येते. तिथे खरा उपाय म्हणजे छपराचे आवरण उघडून फळ्यांवरून इन्सुलेशन घालणे, आणि कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत निदान ६० सेंटीमीटरपर्यंत चिकट जलरोधक पडदा अंथरणे. हिमवर्षावापूर्वी ते होणे शक्य नव्हते. तेवढ्या भागात मी स्वतःच तार लावून दिली. बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे शेवटी तुम्हीही तारच लावलीत.’’ मी त्यांना दोन छपरांतला फरक समजावला, पण त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

इन्सुलेशन भरणाऱ्याशी नंतर माझे बोलणे झाले. त्याने शांतपणे सांगितले की, मागणी थराच्या जाडीची होती आणि जाडी त्याने मोजून दिली होती. त्याचे हे उत्तर मला खोडता आलेले नाही. भोके बुजवणे झाकले जाते, ते कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी मागत नाही. जाडी पट्टीने मोजून दाखवता येते. माझ्या अहवालात आता फटींची यादी पहिल्या पानावर असते आणि जाडी दुसऱ्या. वाढीव खोलीचे छप्पर उन्हाळ्यात उघडायचे, असा माझा लेखी प्रस्ताव बाईंकडे आहे. त्यांनी अजून होकार कळवलेला नाही.