टप की छप्पर: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आमच्याकडे पहिली स्पोर्ट्स कार आली ती इंजिनासाठी नव्हे, टप शिवायला. आप्पांचं सीट-कव्हरचं आणि ताडपत्रीचं काम होतं. जाड सुईचं एक मशीन, एक लांबलचक टेबल आणि शाळेतून आल्यावर दोरा ओवायला मी. एक गृहस्थ एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी दोन सीटची गाडी, घेऊन आले. टपाची शिवण उसवली होती, मागची प्लॅस्टिकची काच पांढरी पडून आंधळी झाली होती. आप्पांनी जुना टप फाडला नाही. एकेक शिवण सोडवून तुकडे वेगळे केले, टेबलावर पसरून खडूने उमटवले आणि त्यावरून नवे बेतले. टप अंगावर शिवल्यासारखा बसला. पहिल्याच पावसात डाव्या काचेच्या वरून पाणी आत आलं.

गृहस्थ तीनदा परत आले. तिन्ही वेळा आप्पांनी टप काढून पुन्हा ताणून बसवला. चौथ्यांदा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "टप सरळ आहे. गाडी वाकडी आहे." मला ती सबब वाटली होती. खरी निघाली.

एमजीबीला वेगळी चासी नाही. १९६२ साली ही गाडी आली तेव्हा पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा होता. उघड्या गाडीला वरून आधार नसतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम दाराखालच्या पोकळ सिलवर येतं. बाहेरची सिल, आतली सिल, मध्ये उभा पत्रा आणि खाली एक चौकोनी पट्टी असं ते जाडजूड बांधकाम असतं. ते आतून सडलं की गाडी मधोमध खाली बसते. बाहेरून रंग चकचकीत असतो, पण दाराची मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद झालेली दिसते. काच वर केली की टपाच्या रबराला नीट टेकत नाही, आणि पाणी तिथूनच येतं.

१९६५ साली याच गाडीला पक्कं छप्पर आणि मागे वर उघडणारं दार देऊन जीटी काढली. छपराच्या आखणीला पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा हात लागला होता आणि त्यासाठी पुढची काच उंच केली गेली. मला मात्र तिच्यात वेगळंच आवडतं. बुटाच्या खोक्याला झाकण लावल्यावर ते पिळून बघा, म्हणजे कळेल. सिल थोडी सडली तरी जीटी लगेच मान टाकत नाही.

आप्पांच्या त्या वाक्यानंतर धाकट्या भावाने वेल्डिंग शिकून घेतलं आणि आम्ही 'टप शिवून मिळेल' या पाटीखाली 'बॉडीकाम' असं लिहिलं. उत्साह भरपूर होता, अक्कल बेताची. पहिल्याच रोडस्टरची दोन्ही दारं काढली, गाडी पुढून-मागून स्टँडवर घेतली आणि डाव्या बाजूची सडकी सिल कापून टाकली. नवी सिल लावून तीन दिवस वेल्डिंग केलं. चौथ्या दिवशी दार लावायला गेलो तर ते वरच्या कोपऱ्यात मागच्या पत्र्यावर आपटायला लागलं. भावाने बिजागरीत पातळ पट्ट्या घातल्या. मी दाराची कड घासायला कानस उचलली. आप्पांनी माझ्या हातातली कानस काढून घेतली. बोलले काही नाहीत.

सिल कापताना गाडी मधून काही मिलिमीटर खाली आली होती आणि आम्ही ती तशीच वेल्डिंग करून कायमची वाकडी केली होती. सगळं पुन्हा कापलं. या वेळी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप जोडला, मधल्या भागाखाली जॅक लावला, दार जागेवर टांगलं आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी होईतो जॅक पाव-पाव फेरा फिरवत राहिलो. फट जमल्यावरच सिलला हात लावला. त्या गाडीत आम्ही पदरचे पैसे घातले. आजही दार लटकवल्याशिवाय सिलचं वेल्डिंग सुरू करायचं नाही, मग कामाला येणारा मिस्त्री कितीही जुना असो.

हळूहळू लोक गाडी घेण्याआधीच विचारायला येऊ लागले. उघडी घेऊ की बंद? खरं सांगायचं तर आमचं बरंचसं नाव या प्रश्नामुळे झालं, आणि याचे आम्ही कधी पैसे घेतले नाहीत.

बहुतेकांच्या मनात चित्र उघड्या गाडीचंच असतं, आणि त्यात गैर काही नाही. संध्याकाळचा रस्ता, खाली केलेला टप, मागून येणारा एक्झॉस्टचा आवाज. ते सुख बंद गाडीत नाही ते नाहीच. पण ती गाडी तुम्ही किती वेळ टप खाली करून चालवणार आणि किती वेळ वर करून, हा हिशेब कोणी करत नाही. टप लावलेली जुनी रोडस्टर हमरस्त्यावर वेगात चालवलीत तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. कापड फडफडतं, मागच्या कोपऱ्यांतलं काही दिसत नाही. लेन बदलताना मी अजूनही देवाचं नाव घेतो. टप खाली असला तर वारा, धूळ, ऊन थेट अंगावर. खराब रस्त्यावर डॅशबोर्ड आणि पुढची काच वेगवेगळ्या तालात थरथरतात. बॉडी धडधाकट असली तरी थोडी थरथर असतेच, आणि ती सोसायची तयारी हवी.

जीटी जड आहे, पण छप्पर वारा सफाईने कापतं, त्यामुळे वरच्या वेगात ती मागे पडत नाही. सामान मागच्या दारातून सरळ आत जातं. मागच्या सीटवर माणूस बसू शकतो असं विकणारे म्हणतात. तो माणूस दप्तरासकट पहिलीतला असावा लागतो. तक्रारी तिच्याही आहेत. इंजिनाची ऊब आत कोंडते. मागच्या दाराचं रबर गेलं असेल तर चालत्या गाडीमागची पोकळी एक्झॉस्टचा धूर आत ओढते आणि डोकं दुखायला लागल्यावर लोक दोष पेट्रोलला देतात.

एकदा एकाच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली. एक तिशीच्या ताई, त्यांना रोडस्टरच हवी होती. दुसरे निवृत्त काका, त्यांना 'वयाला शोभेल अशी' बंद गाडी हवी होती. आमच्याकडे तेव्हा दोन्ही प्रकार उभे होते. म्हटलं, एकेक दिवस दोन्ही चालवा. ताईंना कामानिमित्त दर आठवड्याला लांबचा एकटीचा प्रवास होता. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा कानात दडे बसले होते. जीटी घेऊन गेल्या. काकांचे गुडघे धरलेले. जीटीत शिरायचं म्हणजे आधी डोकं वाकवायचं, मग पाय मुडपायचे. रोडस्टरचा टप खाली केला तर काचेची चौकट धरून सरळ उभ्याने आत पाय टाकून खाली बसता येतं. काकांनी उघडी घेतली. तेव्हापासून आमच्याकडे पहिला प्रश्न गुडघ्यांचा असतो. लोक हसतात.

उघड्या गाडीच्या ताकदीचं गणित बदलतं ते सांगाडा बदलला की. लोटस एलानचा १९६२ चा सांगाडा म्हणजे मधोमध पोलादी कणा आणि वर फायबरग्लासची बॉडी. ताकद कण्यात असल्यामुळे छप्पर असो-नसो, फारसं बिघडत नाही. ट्रायम्फ स्पिटफायरलाही वेगळी चासी आहे, आणि तिची बंद बहीण जीटी६ त्याच घडणीची. मर्सिडीजच्या ३०० एसएलची गंमत उलटी. १९५४ च्या कूपेत, म्हणजे बंद गाडीत, नळ्यांचा सांगाडा बाजूंनी इतका वर आला होता की नेहमीचं दार बसवायला जागाच नव्हती. म्हणून दारं छपराला बिजागरी लावून वर उघडायची केली. १९५७ साली ती गाडी उघडी करायची ठरली तेव्हा बाजूच्या नळ्या खाली आणाव्या लागल्या. बंद १४०० झाल्या, उघड्या १८५८. एरवी बाजारात उघड्या गाडीला जास्त भाव मिळतो, पण इथे सहसा पंखांच्या दारांची बंद गाडीच वरचढ ठरते.

जॅग्वारने १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनासाठी ई-टाइपची निवड लोकांवर सोडली, दोन्ही दाखवल्या. कूपे इंग्लंडहून रस्त्याने चालवत नेली होती आणि जेमतेम वेळेत पोचली. गर्दी इतकी झाली की जॅग्वारचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस यांना कॉव्हेंट्रीच्या कारखान्याहून उघडी गाडी घेऊन रातोरात निघायला सांगितलं. ते वेळेत पोचले. रात्रभराच्या त्या प्रवासात टपाच्या शिवणीतून किती वारा आला असेल हा विचार माझ्यासारख्या टपवाल्याच्याच मनात येतो.

'दोन्ही एकात' हवं असलं की लोक काढून ठेवायच्या छपराकडे वळतात. १९६३ च्या मर्सिडीज २३० एसएलचं ते छप्पर मधे खोलगट आणि कडांना उंच आहे, म्हणून तिला पॅगोडा म्हणतात. दिसायला देखणं. पण काढायला दोन माणसं लागतात आणि काढल्यावर ठेवायचं कुठे? आम्ही छताच्या कडीला कप्पी लावून टांगतो, तेव्हा खालून जाणारा प्रत्येकजण वाकून जातो. त्यातच एक प्रकार असा निघाला की छप्पर निघतं, पण कापडी टप नाहीच. त्याच्या जागी मागे छोटं बाकडं. निघताना छप्पर घरी ठेवलं आणि वाटेत आभाळ भरून आलं तर भिजायचं. पोर्शेने १९६५ साली फ्रँकफर्टला टार्गा दाखवली, डोक्यामागे पोलादी कमान आणि मधला तुकडा काढता येणारा. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल ही तेव्हा कंपन्यांची धास्ती होती. त्याच धास्तीपायी १९७५ ची ट्रायम्फ टीआर७ आधी फक्त बंद आली, उघडी यायला १९७९ उजाडलं. बंदी काही आली नाही.

आमच्या वाटचालीतलं एक वर्ष फार कडक गेलं. काम नव्हतं, दोन मिस्त्री सोडून गेले होते. तेव्हा एक गिऱ्हाईक सुंदर जीटी घेऊन आलं आणि म्हणालं, छप्पर कापून रोडस्टर करून द्या. पैसे आगाऊ. भाऊ हो म्हणायला निघाला होता. मी चासी नंबर दाखवला. त्या काळच्या एमजीबीत 'जीएचएन'ने सुरू होणारा नंबर उघड्या गाडीचा आणि 'जीएचडी'ने सुरू होणारा जीटीचा. कितीही सफाईने कापली तरी ते एक अक्षर चुगली करणार. शिवाय मागचा पत्रा वेगळा, पुढची काच वेगळी, आणि काम अर्धवट जमलं तर गाडी दोन्ही घरची पाहुणी. नाही म्हणालो. त्या महिन्याचे पगार मी उसने आणून दिले आणि भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. गाडीचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे जीटीची किंमत कमी, म्हणून तिच्याच वाट्याला हे येतं. रोडस्टर वाचवायला जीटीची दारं, अॅक्सल, गिअरबॉक्स काढतात आणि सांगाडा भंगारात. जीटी सव्वा लाखाच्या आसपास बनल्या, पण छपराच्या कडेची पन्हळ, काचेच्या खांबाचा पाया आणि मागच्या दाराच्या बिजागरीजवळचा पत्रा शाबूत असलेली आम्हाला क्वचितच दिसते. टप सडला तर नवा शिवता येतो. काचेच्या खांबात गंज शिरला तर भाऊसुद्धा हात झटकतो. म्हणून बंद गाडी बघायला जाताना टॉर्च न्या आणि आतल्या छताच्या कापडावर चहाच्या रंगाचे डाग शोधा. उघडी बघायला जाताना पुढच्या चाकाच्या मागे जॅक लावून दाराच्या फटीत बोट ठेवा. बोट चेपलं तर घरी जा.

आता आम्ही सहाजण आहोत. टपाचं काम अजून चालतं, आणि ओला टप घडी घालू नका हे अजून प्रत्येकाला सांगावं लागतं. प्लॅस्टिकची काच घडीत जाताना मध्ये जुना टॉवेल घाला, हेही. मला स्वतःला विचाराल तर वय वाढतंय तशी माझी आवड बंद गाडीकडे सरकली आहे. टपवाल्याच्या मुलाने असं लिहू नये, पण आहे ते आहे.

चार वर्षांपूर्वी भावाने दारांसाठी एक जीटी उचलून आणली. तपासली तर सिल गेलेल्या, पण छप्पर आणि खांब कोरे करकरीत. मी कापू दिली नाही. ती मागच्या शेडमध्ये उभी आहे, सवड मिळेल तसं काम होतं. परवा तिच्या मागच्या दाराची रबरं आली. आप्पा आता मशीनवर फार बसत नाहीत, पण रोज एकदा येऊन तिच्याभोवती फेरी मारतात आणि विचारतात, "हिचा टप कधी शिवायचा?"

मी म्हणतो, "आप्पा, हिला छप्पर आहे."

"मग कव्हर तरी बेततो," असं म्हणून ते खडू शोधायला जातात.