हजार रुपये, दोघांनाही

आज इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर वेगासाठी दोन गाड्या अडवल्या. एक झगझगीत एसयूव्ही, एक भाजीची लोडिंग रिक्षा. दंड दोघांना हजारच.

एसयूव्हीवाल्याने फोनवरचं बोलणं न थांबवता क्यूआर स्कॅन केला आणि तो निघाला. रिक्षावाला घडी घातलेल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत होता. म्हणाला, "साहब, आज का तो पूरा गया."

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड कमाईवर ठरतो. किरकोळ चुकीला तिथेही ठरलेली रक्कम, पण वेग मर्यादेच्या २० किलोमीटरहून वर गेला की रोजच्या उत्पन्नाचा हिशेब लागतो. घरात सांभाळायची माणसं असतील तर रक्कम कमी होते, हे मला फार आवडलं. २०२३ मध्ये फिनलंडच्याच आलांड बेटांवर एका धनाढ्य उद्योजकाने ५० च्या हद्दीत ८२ ने गाडी चालवली. दंड १,२१,००० युरो, म्हणजे कोटीच्या वर रुपये!

आपल्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांना हजार ते दोन हजार. बस.

कमाई तपासणं आपल्याकडे अवघड, मान्य. पण रोड टॅक्स गाडीच्या किमतीवर घेता येतो, मग दंड का नाही?