उजीजीची सहल आणि तो बारा आकडी नंबर

टांझानियात किगोमाहून आठ-दहा किलोमीटरवर, टांगानिका सरोवराकाठी उजीजी हे जुनं बंदर आहे. गाइड घेऊन दिवसभरात आरामात बघून होतं. आरामात म्हणजे, पैसे भरून झाल्यावर.

तिथे सरकारी शुल्क रोखीत घेत नाहीत. खिडकीवरून बारा आकडी कंट्रोल नंबर (त्या भरण्याचा क्रमांक) घ्यायचा, मोबाइल मनीने, म्हणजे सिमला जोडलेल्या खात्यातून, पैसे भरायचे, मग पावती. चिरीमिरीला वाव नाही, हे मान्य. पण आमच्या वाट्याला जी खिडकी आली (कुठली ते सांगत नाही), तिथला संगणक नंबरच काढेना. नेटवर्क नाही, बसा. बसलो. हातात शिलिंगच्या कोऱ्या नोटा, आणि त्यांना कुणी हात लावेना! आतल्या बाई निवांत फोनवर बोलत होत्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे नंबर मिळाला, तर माझ्याकडे तिथलं सिम नाही आणि गाइडच्या खात्यात तेवढे पैसे नाहीत. मग नाक्यावरच्या मोबाइल मनीच्या एजंटाकडे धाव. छत्रीखाली टेबल, त्यावर एक वही आणि तीन साधे फोन. त्या पोराने एकेक आकडा मोठ्याने वाचून पैसे भरले, मेसेजही आला. परत खिडकीवर आलो, तर म्हणे सिस्टिममध्ये अजून दिसत नाही. मेसेज नाकासमोर धरला, तरी नाही. तेव्हा मी शुद्ध मराठीत जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावती निघाली, पण अर्धा दिवस गेला तो गेलाच.

तेव्हा दार-ए-सलामला उतरल्यावर आधी सिम घ्या. पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात. त्यावरच मोबाइल मनी सुरू करून पैसे टाकून ठेवा.

1871 मध्ये पत्रकार स्टॅनलीला, तो ज्याच्या शोधात होता तो मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन भेटला तो इथेच, आंब्याखाली. ते झाड आता नाही, त्याची कलमं म्हणून दोन आंबे दाखवतात. संग्रहालयात टोप्या उंचावलेले दोघा साहेबांचे कागदाच्या लगद्याचे पुतळे आहेत. मला खरी उत्सुकता होती सिदी मुबारक बॉम्बेची. गुलाम म्हणून हिंदुस्थानात पोचलेला हा माणूस सुटून परतला, 1858 मध्ये बर्टन आणि स्पीक या ब्रिटिश प्रवाशांसोबत इथवर आला आणि 1871 मध्ये स्टॅनलीसोबत पुन्हा. लिव्हिंग्स्टनही 1866 साली या शेवटच्या सफरीला मुंबईहूनच निघाला होता. बरोबर नाशिकच्या शरणपूर मिशनमधली, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं होती. गाइडला हे ऐकवलं, तर त्याने वाट वाकडी करून गुलामांचे तांडे किनाऱ्यावरच्या बागामोयो बंदराकडे निघत तो रस्ता दाखवला. उजीजीहून समुद्र हजार-बाराशे किलोमीटर, तोही पायी!

सरोवराचं पाणी आता स्मारकापासून बरंच मागे हटलंय. काठावर लाकडी होड्या बांधतात, दगा नावाची बारीक मासळी वाळत घालतात. आम्हाला तिथे जेमतेम दहा मिनिटं मिळाली, म्हणून सकाळी आधी काठावरच जा. तिथे तिकीट नाही. आणि एजंटाला मोठी नोट देऊ नका, सुट्टे नसतात.