कुंडीखालची ताटली

रविवार, रात्र

सकाळी पावसाने जरा उसंत दिली, तेवढ्यात सगळ्या कुंड्या ग्रिलमधून काढून हॉलमध्ये मांडल्या. एकवीस भरल्या. वर्तमानपत्रं अंथरूनही लाल मातीचे डाग फरशीवर पडलेच. आमचं मुलुंडचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाग म्हणजे दोन खिडक्यांची ग्रिलं आणि स्वयंपाकघराबाहेरची हातभर बाल्कनी. तुळस, ओवा, गवती चहा, कढीपत्ता, दोन मोगरे, एक जास्वंद, बाकी सदाफुली आणि मनीप्लँट.

गेल्या पावसाळ्यापर्यंत मला वाटायचं, माझी बाग नीटनेटकी आहे. पानं हिरवीगार, फुलं भरपूर. कुंडीखाली काय आहे, ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. मग ऑगस्टमध्ये लेकीला डेंग्यू झाला. रोज प्लेटलेट्सचा आकडा यायची वाट बघायची, तिच्या उशाशी बसायचं, रात्रभर कपाळाला हात लावून बघायचं. त्याच आठवड्यात महापालिकेचा माणूस घरं तपासत आला. त्याने टाकी पाहिली, बादल्या पाहिल्या आणि मग सरळ तुळशीची कुंडी उचलली. खालच्या ताटलीत बोटभर पाणी होतं. त्याने टॉर्च धरला आणि म्हणाला, "ताई, या इकडे."

पाणी अगदी स्वच्छ होतं. त्यात तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकलेल्या. उजेड पडला तशा सगळ्या वळवळत तळाशी गेल्या, आणि थोड्या वेळाने एकेक करून श्वासासाठी पुन्हा वर आल्या. ज्या तुळशीपुढे मी रोज संध्याकाळी दिवा लावते, तिच्या पायाशी. लेकीला चावलेला डास आमच्या घरातला होता की शाळेतला, हे कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र त्या अळ्या अजून दिसतात.

त्या माणसाने उभ्याउभ्या जे सांगितलं ते मी पाळते. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतलं की साखळी तुटते. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून काथ्याने घासायचं. आज प्रत्येक ताटली घासली, कडेचा बुळबुळीत थर नखाला लागेनासा होईपर्यंत. पावसाळाभर आता त्या पालथ्याच राहतील. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवल्या आहेत, बुडाशी वारा खेळतो.

ताटल्या काढल्या तर पाणी खालच्या काकूंच्या कपड्यांवर पडतं, हा आमच्याकडचा जुना वाद. त्यावर तोड अशी की रविवारी पाणी घालण्याआधी मी त्यांना फोन करते आणि त्या कपडे आत घेतात. काकू रागावतात ते बरोबरच आहे. धुतलेल्या चादरीवर लाल ओघळ कुणाला आवडतील!

साफसफाईला बसलं की झाडं आपोआप तपासली जातात, हे मला या वर्षभरात कळलं. आज जास्वंदीच्या खोडावरून मुंग्या चढताना दिसल्या. मुंग्या उगाच चढत नाहीत. शेंड्याची पानं उलटली तर कळीच्या देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका. पिठ्या ढेकूण. त्याच्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याला जपतात. जुन्या टूथब्रशने सगळं खरवडलं, दोन शेंडे छाटून पिशवीत गाठ मारून टाकले. मग लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. ती कुंडी मोगऱ्यापासून लांब, वेगळी ठेवली आहे.

एका मोगऱ्याची पानं पिवळी पडत होती, मला वाटलं खत कमी पडतंय. कुंडी आडवी केली तर बुडाचं भोक मुळांनी आणि चिखलाने बंद. काडीने मोकळं केलं तर घाण वासाचं काळं पाणी कितीतरी वेळ गळत राहिलं. खत घातलं असतं तर बिचारा आणखी लवकर गेला असता. आता खत थेट गणपतीनंतर, पावसाचा जोर ओसरल्यावर.

थंडी संपता संपता राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे या वेळी लेक माझा हात ओढत होती, "आई, फुलं बघ ना, खाली काय बघतेस?" मी कुंड्यांची बुडं बघत होते.

रात्री साडेदहाला हे लिहायला बसले आणि आठवलं, एसीच्या नळीखालचा पाच लिटरचा कॅन राहिलाच. बाल्कनीत जाऊन टॉर्च मारला. नितळ पाणी, काही हलत नव्हतं. तरी ओतलं, आतून घासला आणि पालथा घालून आले.