आमची वाटचाल: जॉबवर्कपासून लाकडी चाकांच्या बोल्टपर्यंत

सातपूर एमआयडीसीत लेथवरच्या जॉबवर्कनं आमची सुरुवात झाली. पिना, बुश, स्टड, जे ड्रॉइंग येईल ते. व्हिंटेज गाड्यांच्या लाकडी चाकांचे बोल्ट हे त्यातलंच एक किरकोळ काम होतं. पुढे तेच मुख्य झालं, कारण बाजारात जे मिळतं ते या चाकांना सहसा चालत नाही.

या चाकात आऱ्यांची पाचरीसारखी टोकं मधोमध एकमेकांना भिडतात आणि दोन लोखंडी तबकड्यांमध्ये बोल्टनं आवळली जातात. भार पेलते ती ही पकड. पकड सुटली की आरे बोल्टवर घासतात, भोकं लंबगोल होतात, चाक कुरकुरतं आणि तबकडीच्या कडेला तपकिरी भुकटी दिसू लागते. तेव्हा एक बोल्ट बदलून भागत नाही, अख्खा संच बदलायचा.

दुकानात ‘तीन सूत’ म्हटलं की ३/८ इंचाचा बोल्ट मिळतो. आटे कुठले, हे कोणी विचारत नाही. खरी गफलत इथेच. १९०८ ते १९२७ या काळातल्या फोर्ड मॉडेल टीसारख्या अमेरिकन गाड्यांच्या तीन सुती बारीक आट्यात इंचाला २४ आटे असतात, ब्रिटिश बारीक आट्यात (बीएसएफ) २०, तर ब्रिटिश जाड आट्यात (व्हिटवर्थ) १६. अमेरिकन जाड आटेही १६च, पण त्यांचा कोन ६० अंश आणि व्हिटवर्थचा ५५. नट दोन-चार फेरे गोडीनं चढतो, मग अडतो. तिथे पान्याला पाइप लावणारे खूप भेटतात! पिच गेजचे (आट्यांशी जुळवून बघायच्या दातेरी पट्ट्यांचे) ५५ आणि ६० अंशांचे दोन्ही संच हाताशी ठेवा आणि गेज शेपटाकडच्या न झिजलेल्या आट्यांवर लावा. नटाखालचे आटे ताणलेले असतात.

दुसरी पळवाट एम १० बोल्टची, म्हणजे १० मिमीच्या मेट्रिक बोल्टची. तीन सूत म्हणजे ९.५२ मिमी, त्यामुळे तो बसवायला तबकडी आणि लाकूड दोन्ही रीम करावं, म्हणजे भोक कातून मोठं करावं लागतं. एकदा वाढवलेलं भोक परत लहान होत नाही. भोक आधीच झिजून ९.९ झालं असेल, तर आम्ही दांडा, म्हणजे बोल्टचा बिनआट्याचा भाग, ९.८५ चा आणि आटे मूळ ३/८ चेच ठेवतो. जुना नट चालतो आणि दांडा भोकात हलत नाही. साहित्य ईएन ८ हे मध्यम कार्बनचं पोलाद, हार्डन करून टेम्पर केलेलं. याहून कडक पोलादाचा उपयोग नाही, कारण बोल्टच्या आधी लाकूड चेपतं.

सगळ्यात जास्त चाकं बिघडतात ती दांड्याच्या लांबीपायी. पूर्ण आटे पाडलेला बोल्ट लाकडाला कानशीसारखा खातो, म्हणून लाकडातून सपाट दांडाच जायला हवा. पण दांडा जास्त लांब ठेवला, तर नट आट्यांच्या शेवटाला टेकतो: पाना घट्ट लागतो, चाक मात्र सैल. समजा, डोक्याकडची तबकडी ५ मिमी, लाकूड ४५, नटाकडची तबकडी ४. एकूण ५४. दांडा ५२ ठेवायचा, म्हणजे लाकूड आक्रसलं तरी नटाला पुढे सरकायला जागा उरते. वॉशर, नट आणि वर दोन-तीन आटे धरून बोल्ट ६७ मिमीचा होतो.

मागच्या चाकाचे बोल्ट ब्रेक ड्रममधून जात असतील, तर डोक्याची उंचीही मोजा. बाजारी षटकोनी डोकं आत शूला घासू शकतं.

नाशिकच्या हवेत पावसाळ्यात फुगलेलं लाकूड एप्रिल-मेमध्ये आक्रसतं. म्हणून बोल्ट कोरड्या दिवसांत बसवावेत, समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा, नट सुटू नये म्हणून नटाबाहेरचं टोक ठोकून पसरवायचं ते त्यानंतरच. बैलगाडीचं चाक ओढ्यात भिजत टाकायची युक्ती इथे करू नका. आवळलेल्या जागी फुगलेल्या लाकडाचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर सांधा आधीपेक्षा ढिला होतो.

नमुना पाठवताना एका बोल्टवर भागवू नका. सगळे बोल्ट, त्यांचे नट आणि प्रत्येक भोकाचं दोन दिशांनी घेतलेलं व्हर्नियरचं माप हवं. जुना बोल्ट काढण्याआधी पसरवलेलं टोक कानशीनं साफ करा. तसाच नट फिरवला, तर बोल्ट लाकडात गरगर फिरतो.