परदेशातल्या शेतावर महिनाभर: कामाच्या बदल्यात मुक्काम, टप्प्याटप्प्याने

पहिला टप्पा व्हिसाचा, आणि बहुतेक घोळ इथेच होतात. शेतावर काम करायचं आणि त्या बदल्यात राहणं-जेवण घ्यायचं, यात पगार नसतो. त्यामुळे पर्यटक व्हिसा पुरेल असं अनेकांना वाटतं. पुष्कळ देशांचा कायदा मात्र तसं मानत नाही. न्यूझीलंडमध्ये फुकट जेवण आणि खोली हाही मोबदलाच धरला जातो, म्हणून तिथे कामाची परवानगी देणारा व्हिसा हवा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे आणि 30 दिवसांपर्यंतच. खाजगी शेत त्यात बसत नाही. 'सगळे असंच करतात' असं यजमान म्हणाला, तरी विमानतळावरून परत पाठवणी तुमची होते, त्याची नाही. आधी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट वाचा आणि यजमान त्यानंतर शोधा. अधिकाऱ्याने विचारलं तर खरं तेच सांगा, कारण काही देशांत सीमेवर फोनमधले संदेशही तपासतात.

वर्किंग हॉलिडे व्हिसा (तरुणांना फिरता फिरता कामही करू देणारा व्हिसा) मिळत असेल तर तोच घ्यावा. पण ऑस्ट्रेलियात त्याच व्हिसाचं दुसरं वर्ष मिळवण्यासाठी जे ठरावीक काम करावं लागतं, त्यात 1 डिसेंबर 2015 पासून बिनपगारी काम धरलं जात नाही. दुसऱ्या वर्षाचा विचार असेल तर शेतावर पगारी कामच शोधा आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. लहान मुलांची आवड असणाऱ्यांसाठी जर्मनीतला ओ-पेअर, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणं, हा वेगळा, चांगला आखलेला मार्ग आहे: अर्ज करताना वय 27 च्या आत, आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, राहणं-जेवण आणि महिना 280 युरो हातखर्च. जर्मन भाषा मात्र निदान प्राथमिक पातळीची यायला हवी.

आता यजमान. वूफ (WWOOF) ही शेतावर मदत करू इच्छिणाऱ्यांना यजमान शेतकऱ्यांशी जोडणारी चळवळ 1971 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. तिचा भर सेंद्रिय शेतीवर असतो आणि सदस्यत्व बहुतेक ठिकाणी त्या-त्या देशापुरतं घ्यावं लागतं. वर्कअवे (Workaway) या यजमान शोधायच्या वेबसाइटवर शेताशिवाय हॉस्टेल, घराची डागडुजी, मुलं सांभाळणं अशी कामंही सापडतात. रिवाज साधारण दिवसाला चार ते सहा तास, आठवड्याला पाच दिवस असा आहे. वर्कअवेचा मापदंड आठवड्याला सुमारे 25 तासांचा. जाहिरातीत 'थोडी मदत' असं मोघम लिहिलं असेल तर आकडा मागा.

होकार देण्याआधी या गोष्टी लेखी विचारून घ्या: रोज किती तास आणि कोणतं काम, सुट्टीच्या दिवशी जेवण मिळणार का, खोली स्वतंत्र की तंबू, थंडीत उबेची सोय काय, बसथांबा किती लांब आणि बस रोज आहे का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पटेनासं झालं तर निघता येण्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. एक व्हिडिओ कॉल कराच. जुन्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना निव्वळ कौतुकाचे बाजूला ठेवा आणि तीन-चार आठवडे राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते पाहा.

विमा घेताना फसगत होते. साध्या प्रवासविम्यातून शारीरिक श्रमाच्या कामात झालेली दुखापत अनेकदा वगळलेली असते, तेव्हा 'शेतकाम धरलंय का' याचं उत्तर ईमेलवर घ्या. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत झालेली असावी. वापरलेले बूट नेत असाल तर तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने पूर्ण काढा आणि उतरल्यावर फॉर्मवर ते नोंदवा. न्यूझीलंडमध्ये अशी वस्तू न नोंदवता सापडली तर जागीच 400 डॉलरचा दंड होतो.

शेतावर पहिला आठवडा हातांचा असतो. पहिल्या दिवसापासून मापाचे हातमोजे घाला. सैल मोज्यात कातडी घासते आणि फोड येतात. तण काढायचं ते पावसानंतर किंवा पाणी दिल्यावर, कारण कोरड्या मातीत मूळ तुटून आत राहतं आणि तण पुन्हा उगवतं. आच्छादन (झाडाभोवती मातीवर घालायचा पेंढा-पालापाचोळ्याचा थर) सात ते दहा सेंटिमीटर जाड पसरा, पण खोडाला चिकटवू नका, नाहीतर ओलाव्याने खोड कुजतं. रोपं ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावा. चेनसॉ, ट्रॅक्टर, छपरावरचं काम यांना प्रशिक्षण नसेल तर सरळ नाही म्हणा. चांगला यजमान रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याकडे थांबू नये.

तास वाढत चालले तर पहिल्याच आठवड्यात बोला. रोजचे तास वहीत टिपलेले असले की वाद होत नाही, हिशोब होतो. तरीही सुधारणा नसेल तर निघा. त्यासाठी परतीचं तिकीट आणि हॉस्टेलच्या तीन-चार रात्रींचे पैसे पहिल्यापासून बाजूला हवेत, आणि पासपोर्ट कायम स्वतःकडे. तो 'सांभाळायला' मागणाऱ्याकडे एक रात्रही राहू नका.

सगळं सुरळीत असेल तर निघायची तारीख आठवडाभर आधी सांगा, म्हणजे यजमानाला पुढचा माणूस शोधता येतो. अभिप्राय लिहाल तेव्हा प्रत्यक्ष तास, कामाचं स्वरूप, खोली आणि बसची सोय नक्की नोंदवा. पुढे जाणाऱ्याला नुसत्या 'छान अनुभव'पेक्षा त्याचाच उपयोग होतो.